पगार

पवईच्या काचेच्या कचेऱ्यांत ‘सॅलरी’ जमा होते. फाटकावरच्या वॉचमनचा आणि जिने पुसणाऱ्या मावशींचा मात्र ‘पगार’ होतो. हा शब्द पोर्तुगीजांचा. १५३४च्या तहाने साष्टी बेट त्यांच्याकडे गेलं, त्यात पवईही आली. पोर्तुगीजमध्ये ‘पागार’ हे क्रियापद, म्हणजे पैसे चुकते करणं. महिन्याच्या कमाईला ते ‘सालारियु’ म्हणतात! त्यांच्या क्रियापदाचं आपण खुशाल नाम केलं. मुळाशी लॅटिन ‘पाकारे’, शांत करणं. दारातल्या सावकाराला पैसे देऊन गप्प बसवायचं. इंग्रजी ‘पे’ याच कुळातला. ‘वेतन’ सरकारी कागदावर राहिलं, ‘मुशाहिरा’ मोडीत निघाला. पगाराला मात्र मराठी गोतावळा मिळाला: पगारदार, पगारवाढ, बिनपगारी रजा. आणि घरोघरचा तो ‘बिनपगारी फुल अधिकारी’!