आगमनकाळ : अंधारातून प्रकाशाकडे

कसबा बावडा : त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापुरात पंचगंगेचा घाट पणत्यांनी उजळून निघतो. नदीकाठच्या कसबा बावड्यातील रहिवाशांना हा दीपोत्सव परिचित आहे. साधारणतः त्यानंतर थोड्याच दिवसांनी ख्रिस्ती समाजात दिव्यांशीच निगडित असा 'आगमनकाळ' सुरू होतो. नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा हा काळ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान येणाऱ्या रविवारी सुरू होऊन २४ डिसेंबरला संपतो. येशूच्या जन्मोत्सवाची तयारी आणि त्याच्या पुनरागमनाची प्रतीक्षा, असे त्याचे दुहेरी स्वरूप आहे.

या काळात हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या ठेवून दर रविवारी एकेक अधिक प्रज्वलित केली जाते. १८३९ मध्ये हॅम्बुर्ग येथे योहान हिनरिक विखर्न यांनी आपल्या आश्रमातील मुलांसाठी नाताळपर्यंतचे दिवस मोजण्यास गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. त्यातून ही प्रथा रूढ झाली.

दिवे हे बाह्य चिन्ह होय. या काळाचा गाभा मनपरिवर्तन हा आहे. नव्या करारातील 'मेटानोइया' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थही मन पालटणे असाच आहे. तीन वर्षांच्या वाचनक्रमात पहिल्या वर्षी, पहिल्या रविवारी, रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील उतारा वाचला जातो. रात्र सरत आली असून अंधाराची कृत्ये टाकून द्यावीत, असा त्याचा आशय आहे. इ. स. ३८६ मध्ये मिलान येथील बागेत याच उताऱ्यातील अखेरच्या ओळी वाचून संत ऑगस्टिन यांच्या जीवनाला कलाटणी मिळाली. पुढील वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मराठीत अशा परिवर्तनाचे प्रांजळ चित्रण लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये आढळते. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे दोघे विभक्त राहिले. पुढे एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे सुटले नव्हते. जातिभेद ईश्वराने केले की माणसाने, या प्रश्नाने मात्र त्यांच्या मनात घर केले. तो माणसाचा आहे, हे उमगताच त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. त्यानंतर १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. मन आधी पालटले, विधी नंतर झाला.

कोल्हापुरात रॉयल गोल्ड वाइल्डर यांनी १८५२ मध्ये मिशनकार्य आरंभले. तेव्हापासून येथे ख्रिस्ती समाजाच्या अनेक पिढ्या झाल्या. जन्माने ख्रिस्ती असलेल्यांनाही आगमनकाळ हाच प्रश्न विचारतो. धर्मांतर एकदाच होते. मनपरिवर्तनाची हाक मात्र दरवर्षी, पहिल्या मेणबत्तीबरोबर नव्याने येते.