संत अंतोनीचा पाव

मुंबईतल्या वाकोल्याचे चर्च संत अंतोनीच्या नावाचे आहे. त्याचा सण 13 जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर येतो. या दिवशी अंतोनीच्या चर्चांमधून एक जुना रिवाज पाळला जातो. लहान पावांच्या टोपल्या वेदीजवळ आणतात, फादर प्रार्थना म्हणून त्यांवर पवित्र पाणी शिंपडतात आणि मिस्सा आटोपल्यावर लोक रांगेने एकेक पाव घेतात. घरी गेल्यावर त्या एका पावाचे घरात माणसे असतील तितके तुकडे होतात. अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्यासाठीही एखादा पाव आवर्जून मागून नेला जातो.

ज्याच्या नावाने हा पाव वाटला जातो, तो अंतोनी जन्माने पोर्तुगीज. 1195च्या सुमारास तो लिस्बनमध्ये जन्मला, पुढे फ्रान्सिस्कन संघाचा साधू झाला आणि इटलीतल्या पादुआ शहराचा होऊन राहिला. गरिबाला पिळणाऱ्या सावकारांवर त्याने प्रवचनांतून कोरडे ओढले. मार्च 1231मध्ये पादुआच्या नगरसभेने त्याच्या विनंतीवरून कायदा बदलला: आपली मालमत्ता सोडून देणाऱ्या कर्जदाराला यापुढे तुरुंगात डांबायचे नाही. त्याच वर्षी 13 जूनला तो वारला. मंगळवारी त्याचे दफन झाले, म्हणून त्याची नोव्हेना, म्हणजे नवसाची प्रार्थना, मंगळवारची.

पावाची कथा त्याच्या मृत्यूनंतरची आहे. पादुआत त्याच्या नावाचे भव्य मंदिर उभे राहत असताना जवळच्याच घरातले तोमासिनो नावाचे मूल पाण्यात बुडाले. आईने अंतोनीला नवस केला की पोर वाचले तर त्याच्या वजनाइतके धान्य गरिबांना देईन. मूल उठून बसले, अशी श्रद्धा आहे. मुलाच्या भारोभार धान्य देण्याची रीत तिथून पडली. नवसाला गुळाची तुला करणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. फरक एवढाच की इथल्या पारड्यातले धान्य थेट भुकेल्याच्या घरी जायचे.

आजचे रूप या रिवाजाला फ्रान्सच्या तुलाँ बंदरात आले. 1890मध्ये लुईज बुफिए या दुकानदार बाईच्या दुकानाचे कुलूप काही केल्या उघडेना. दार फोडायची वेळ आली तेव्हा तिने अंतोनीच्या नावाने गरिबांना पाव कबूल केला, आणि साध्या किल्लीने कुलूप उघडले. दुकानामागच्या खोलीत तिने संताची मूर्ती बसवली. बंदरावरचे खलाशी आणि सैनिक तिथे येऊन पावासाठी पैसे टाकू लागले. तिथून अंतोनीच्या मूर्तीपाशी गरिबांच्या पावाची पेटी ठेवण्याची चाल जगभरच्या चर्चांत पसरली.

वाकोला ज्या साष्टीत आहे, तिथे अंतोनी त्याआधीच रुजला होता. 1534च्या वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. लिस्बनचा हा सुपुत्र त्यांच्याबरोबर आला आणि पावही त्यांच्याच हातचा. भातशेती करणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाणांनी दोघांनाही आपले केले.

या रिवाजामागची कल्पना मात्र पादुआच्याही मागे जाते. पहिल्या शतकातले ख्रिस्ती एकत्र जेवत. येशूने शिष्यांना घालून दिलेली एकमेकांवर प्रीती करण्याची आज्ञा त्यांच्या पंगतीत दिसायची. आपल्या मराठी मंडळ्यांतले प्रीतिभोजन त्याच वंशातले. पण करिंथ शहरातल्या मंडळीत सधन लोक आधी येऊन पोटभर खाऊन घेत आणि राबून उशिरा पोहोचणारे उपाशी राहत. प्रेषित पौलाने पत्र लिहून त्यांना खडसावले, कारण ज्या पंगतीत गरिबाला लाज वाटते, ती प्रभूची पंगत राहत नाही.

पादुआची आई, तुलाँची दुकानदार आणि पौल या तिघांचे सांगणे एकच आहे: चर्चमधली प्रीती दुसऱ्याच्या ताटात दिसली पाहिजे. आशीर्वादित पाव आपल्याच घरात वाटून संपवला तर रिवाजाचा अर्धा भाग तेवढा पाळला जातो. उरलेला अर्धा गरिबांच्या पावाच्या पेटीत आहे. म्हणून वाकोल्यातल्या आणि मुंबईतल्या अंतोनीभक्तांना विनंती आहे: येत्या 13 जूनला पाव घ्यायला जाण्याआधी घरातल्या सगळ्यांत लहान मुलाचे वजन करा, आणि तेवढे धान्य गरजू घरी पोहोचते करा.