तळटीप ४ : फितीची चित्रे
४. लेखकाने ओझरता उल्लेख केलेली ही चित्रे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या जेन रिचर्डसन (जन्म १९४१) यांची. त्यांचे शिक्षण तत्त्वज्ञानाचे. प्रथिनांच्या रसायनशास्त्रात त्या शिरल्या त्या एमआयटीत तंत्रज्ञ म्हणून. १९८१च्या एका दीर्घ लेखासाठी त्यांनी प्रथिनांची रचना हाताने रेखाटली. अणूंची सगळी गर्दी बाजूला सारून फक्त साखळीची वाट ठेवली : आल्फा सर्पिल म्हणजे पिळदार फीत, बीटा पट्टी म्हणजे चपटा बाण, आणि बाणाचे टोक साखळी ज्या दिशेने पुढे जाते त्या दिशेला. काय गाळायचे हे ठरवण्यातच त्यांची खरी प्रतिभा दिसते. संगणक ही पद्धत नंतर शिकला. १९९२मध्ये पती डेव्हिड यांच्या 'मेज' या प्रोग्रामने साध्या मॅकिंटॉशवर रेणू फिरवून पाहता येऊ लागला. प्रथिनाची साखळी कोणकोणत्या कोनांत वळू शकते हे दाखवणारा मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन व सहकाऱ्यांचा १९६३चा आलेखही रिचर्डसन गटाने अधिक काटेकोर माहितीवर नव्याने बेतला. रचनांतल्या चुका शोधणारी त्यांची 'मोलप्रोबिटी' प्रणाली तो वापरते. जिज्ञासूंनी ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज या प्रथिनाचे जेन यांच्या हातचे चित्र मिळवून जरूर पाहावे. – संपादक