तळटीप : ‘चिपिंग अवे’

१. चिपिंग अवे : अवाढव्य काम एका दमात न उरकता, थोडे थोडे पण खंड न पडू देता तडीस नेणे. मूळ अर्थ दगड किंवा लाकडाचे टवके काढत राहणे. कर्ज, साचलेले काम, प्रतिस्पर्ध्याची आघाडी अशा कशाहीबाबत इंग्रजीत हा प्रयोग होतो. विश्वास किंवा हक्क यांच्याबद्दल असेल तर त्याला वाईट छटा येते; तिथे मराठीत ‘पोखरणे’ म्हणावे.

येथे संदर्भ जुन्नरच्या लेण्यांचा असल्याने शब्दशः अर्थही लागू पडतो. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक कोरीव दालने आहेत. सातवाहन काळातील कारागिरांनी ती कठीण बेसॉल्टमध्ये छिन्नी-हातोड्याने खोदली. खोदकाम साधारणपणे छताकडून जमिनीकडे उतरत जाई, त्यामुळे उंच परांचीची गरज कमी पडे. लेण्याद्रीचे ७ क्रमांकाचे लेणे, म्हणजे आजचे गिरिजात्मज गणपतीचे देऊळ, हा एकही मधला खांब नसलेला प्रशस्त विहार आहे.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण साठवण्याची आहे, तर ‘टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही’ ही दगडाच्या बाजूने बोलते. पाथरवटाची चिकाटी दोन्हींत येत नाही. म्हणून अनुवादात ‘नेटाने काम रेटत राहणे’ असे ठेवले आहे. — संपा.