एक तारीख, अनेक नावं



१९९८ सालचा १७ सप्टेंबर आठवतो का? मराठवाडा मुक्त होऊन पन्नास वर्षं झाली होती आणि आपण दहावीत होतो. सेनगाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. ध्वजवंदनानंतर मी भाषण केलं: स्वामी रामानंद तीर्थांचा लढा, कासीम रझवीचे रझाकार, १३ सप्टेंबर १९४८ ला आत शिरलेलं भारतीय सैन्य आणि पाचव्या दिवशी निजामाची शरणागती. भरपूर टाळ्या मिळाल्या.

पुढे नोकरीसाठी हैदराबादला आले. निजामाचं राज्य १९५६ मध्ये तीन भाषांत वाटलं गेलं, तशी ही तारीखही वाटली गेल्याचं इथे कळलं. आपला 'मुक्तिसंग्राम दिन' कलबुर्गीकडे २०१९ पासून 'कल्याण कर्नाटक उत्सव' आहे. २०२२ मध्ये हैदराबादेतच केंद्राने 'मुक्ती दिन' आणि राज्याने 'राष्ट्रीय एकात्मता दिन' साजरा केला. तेलंगणात अनेकांना आधी आठवतो तो जमीनदारांविरुद्धचा शेतकऱ्यांचा लढा. पाकिस्तानात मात्र हे भारताचं आक्रमण ठरतं. रझवी १९५७ मध्ये तिकडेच गेला.

इथल्या मुसलमान सहकाऱ्यांच्या घरी एकच शब्द आहे, 'पोलीस ॲक्शन', आणि तोही दबक्या आवाजात. त्या कारवाईच्या काळात आणि नंतर संस्थानात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या शेजारचं नांदेडही होतं. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही समितीला भेटले. हा अहवाल कित्येक दशकं सरकारने प्रसिद्धच केला नाही. माझ्या भाषणातही यातलं काही नव्हतं.

रझाकारांचे अत्याचार खरेच होते. त्यांच्या भीतीने माझ्या आजीने लेकरांना घेऊन रानात रात्री काढल्या. पण दुसऱ्याचं दुःख मान्य केलं म्हणून आजीचं दुःख खोटं ठरत नाही.

त्या सकाळी मी 'रझाकार' म्हटलं की काही मुलं मागे वळून आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीकडे बघत होती. तिने मान खाली घातली होती. मी ते पाहिलं, आणि तशीच वाचत राहिले.

मैत्रिणी, मेळाव्याला येणार असशील तर तुझ्या घरात त्या दिवसाबद्दल काय सांगतात, ते मला सांग. सत्तावीस वर्षं उशीर झालाय, पण या वेळी मी ऐकणार आहे.