माठ नव्हे, मोट

गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीने पुण्यात आमच्या घरी स्वतःचा संगणक जुळवला. दीड वर्ष शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने त्यासाठी पैसे साठवले होते. तिला त्यावर खेळ खेळायचे होते, कॉलेजच्या प्रकल्पासाठी त्रिमिती चित्रेही करायची होती. वसतिगृहातल्या टेबलावर जागा कमी, म्हणून तिने पेटी निवडली ती साडेबारा लिटरची. या छोट्या पेट्यांचे आकारमान लिटरमध्ये सांगतात हे मला तेव्हाच कळले. आमच्या आजोळचा पाण्याचा हंडा याहून मोठा होता. एवढ्याशा जागेत ताकदीचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड बसवायचे तर नुसत्या पंख्यांवर भागणार नाही, पाणी खेळवावे लागेल, असे तिचे म्हणणे होते.

तिच्या आईने मला फोन केला. "दादा, विजेच्या यंत्रात पाणी घालणार म्हणते. तू तिला समजाव ना."

मी बत्तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. वीज आणि पाणी एकत्र आणू नका, हे प्रयोगशाळेत दरवर्षी पहिल्या तासाला सांगत आलो. संगणक सुधारत जातील तसे ते थंडही होत जातील, असेही वर्गात बिनदिक्कत सांगत असे. भाचीला समजवायला बसलो आणि लक्षात आले की, या दोन्ही विधानांना इतिहासाचा आधार कितपत आहे हे मी कधी तपासलेच नव्हते. तो तपास करता करता हा लेख झाला.

सुरुवात उष्णतेपासून करू. संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. आकडेमोड हे तिचे वाटेतले काम. १९४६ मध्ये अमेरिकेत लोकांसमोर आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि तो दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज खाई. पण तो एका मोठ्या दालनभर पसरलेला होता. मोठ्या पंख्यांनी हवा खेळवली की काम भागे. अडचण उष्णतेच्या एकूण प्रमाणापेक्षा तिच्या दाटीची असते. घरातली हजार वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळवा दोनशे चौरस सेंटिमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला पाच वॅट होतात आणि तेवढ्यात बोट भाजते. आजच्या प्रोसेसरमध्ये नखाएवढ्या तुकड्यातून शंभर वॅट निघतात. म्हणजे इस्त्रीच्या वीसपट दाटी.

ही दाटी वाढू लागली ती १९६० च्या दशकात. विजेचा संदेश तारेतून जायलाही वेळ लागतो, म्हणून वेगवान यंत्र हवे असेल तर सुटे भाग एकमेकांजवळ आणावे लागतात. जवळ आणले की उष्णता कोंडते. आयबीएमच्या सिस्टीम/३६० मालिकेतल्या मॉडेल ९१ मध्ये हवेच्या वाटेवरच पाण्याच्या नळ्या बसवल्या होत्या. एका फळीवरून तापून आलेली हवा दुसऱ्या फळीवर जाण्यापूर्वी पाण्याकडून थंड करून घ्यायची, अशी ती मिश्र व्यवस्था होती. भाचीच्या पेटीतली अडचण नेमकी हीच होती : जागा कमी, भाग जवळजवळ, आणि एकाची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडावर.

यातले सर्वांत ठसठशीत पान सेमूर क्रे यांच्या नावावर आहे. १९७६ मध्ये त्यांचा क्रे-१ हा महासंगणक न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत पोहोचला. वरून पाहिले तर इंग्रजी सी अक्षरासारखा आकार, भोवती बसायला गादीचे बाक. तारा आखूड राहाव्यात म्हणून तो आकार, आणि बाकांच्या पोटात वीजपुरवठ्याची यंत्रे. हा संगणक शंभर किलोवॅटहून अधिक वीज घेई. ती उष्णता काढायला डीन राउश या अभियंत्याने शीतकपाटातली फ्रीऑनची युक्ती वापरली. उभ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत पोलादी नळ्या, नळ्यांतून फ्रीऑन. सुरुवातीला एक भलतीच अडचण आली. फ्रीऑनबरोबर फिरणारे वंगण सांध्यांतून झिरपू लागले आणि जोडकामाची पद्धतच बदलावी लागली. जगातला सर्वांत वेगवान संगणक गळक्या सांध्यापुढे अडून बसला होता, ही गोष्ट मी भाचीला मुद्दाम सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे मामा, गळती त्यांनाही चुकली नाही."

१९८५ च्या क्रे-२ मध्ये याही पुढची पायरी गाठली. जेमतेम चार फूट उंचीच्या त्या यंत्रातल्या सगळ्या फळ्या फ्लोरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवल्या होत्या. शेजारच्या पारदर्शक टाकीत तो द्रव धबधब्यासारखा पडताना दिसे. लहान पेटी आणि प्रचंड ताकद यांची सांगड द्रवाने घातल्याचे याहून उघड उदाहरण मला सापडले नाही.

आयबीएमने वेगळी वाट धरली. १९८० च्या नोव्हेंबरात जाहीर झालेल्या ३०८१ या संगणकात शंभराहून अधिक चिपा चिनी मातीच्या एका चौकोनी तबकडीवर शेजारी शेजारी बसवल्या होत्या. प्रत्येक चिपेच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमचा एक दट्ट्या, मधल्या फटींत हवेऐवजी हेलियम, कारण तो हवेपेक्षा कितीतरी चांगला उष्णतावाहक. वर झाकण आणि त्यावर पाणी खेळणारी पट्टी. अशा एका तबकडीतून सुमारे तीनशे वॅट काढता येत. रिचर्ड चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या रचनेत पाण्याचा थेंबही चिपेला शिवत नाही. वीज आणि पाणी एकमेकांपासून बोटभर अंतरावर, पण मध्ये धातूची भिंत. आज बाजारात मिळणारी प्रोसेसरवरची तांब्याची पाण्याची पट्टी याच कल्पनेची वंशज आहे. तिच्या पोटातल्या केसासारख्या बारीक खाचांचा वंश मात्र स्टॅनफर्डकडे जातो. तिथे डेव्हिड टकरमन आणि फेबियन पीज यांनी १९८१ मध्ये सिलिकॉनमध्येच सूक्ष्म चर कोरून त्यांतून पाणी सोडले आणि दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॅट काढून दाखवले. त्या काळी एवढी उष्णता देणारी चिपच नव्हती. उत्तर आधी मिळाले, प्रश्न वीस-पंचवीस वर्षांनी आला.

मग पाणी मागे का पडले? चिपांची जातच बदलली म्हणून. सीमॉस प्रकारच्या चिपा जुन्या बायपोलर चिपांच्या मानाने फारच कमी वीज घेत. आयबीएमच्याच रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडले होते की, ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवले, तर उष्णतेची दाटी वाढत नाही. १९९४ पासून आयबीएमचे मोठे संगणकही सीमॉसवर आले आणि पाण्याचे नळ निघाले. संगणक थंड होत जातील असे मी वर्गात सांगत होतो, ते याच काळात. तेव्हा ते खोटे नव्हते, फक्त कायमचे नव्हते.

आपल्याकडची गोष्टही याच वळणावर घडली. हवामानाच्या अंदाजासाठी अमेरिकेकडून बऱ्याच वाटाघाटींनंतर मिळालेला क्रे एक्स-एमपी १९८९ च्या सुमारास दिल्लीत बसला. तोही फ्रीऑनवर थंड होणारा. मागितला होता त्याहून कमी ताकदीचा मिळाला. दरम्यान १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एकाच रसरसत्या प्रोसेसरऐवजी अनेक साधे, कमी तापणारे ट्रान्सप्युटर एकत्र राबवायचे, ही त्याची रीत. या कथेत आपण स्वाभिमानाचा भाग नेहमी सांगतो, तो योग्यच आहे. पण क्रे यांची ती अवघड नळकारागिरी टाळता आली, हाही त्या निवडीचा एक फायदा होता, असे मला वाटते.

डेनार्ड यांचा नियम २००४ च्या आसपास थकला. व्होल्टेज आणखी उतरवले तर ट्रान्झिस्टर बंद असतानाही वीज गळू लागली. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने टेहास हा आगामी प्रोसेसर सोडून दिला आणि एका चिपेत अनेक गाभे बसवण्याचा मार्ग धरला. त्याच वर्षी ॲपलच्या सर्वांत वेगवान पॉवर मॅक जी-५ मध्ये द्रवशीतन आले, तेही घरच्या टेबलावर.

टेबलावर पाणी त्याआधी हौशी मंडळींनी आणले होते. १९९८ मध्ये ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००-ए हा स्वस्त प्रोसेसर ४५० वर पळवता येतो, हे लोकांना कळले आणि वेग वाढवण्याचे वेड पसरले. जास्त वेग म्हणजे जास्त ताप. मग मोटारीच्या हीटरमधली जुनी जाळी, मत्स्यालयाचा पंप आणि घरी कोरलेला तांब्याचा ठोकळा एकत्र आला. अकरा वर्षांनी, २००९ मध्ये, कॉर्सेअरचा एच-५० हा आधीच पाणी भरून सीलबंद केलेला संच दुकानात मिळू लागला. इकडे तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये सतरा सेंटिमीटर चौरस मिनी-आयटीएक्स मदरबोर्डचे माप आणले होते. तापणाऱ्या चिपा, सीलबंद पाणी आणि वीतभर मदरबोर्ड या तीन धाग्यांच्या गाठीतून भाचीची साडेबारा लिटरची पेटी निघाली.

आता माझ्या बहिणीच्या प्रश्नाकडे. 'पाण्याने थंड' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे माठ येतो, वाळ्याचा पडदा येतो. तिथे पाणी उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातले पाणी खोलीहून गार होते. संगणकातले पाणी बंद वाटेत फिरते, उडून जात नाही, त्यामुळे ते खोलीहून गार कधीच होणार नाही. ते काम करते मोटेचे. विहिरीच्या तळातून भरून वर यायचे, थारोळ्यात रिते व्हायचे, पुन्हा खाली जायचे. इथे तळ म्हणजे प्रोसेसर, थारोळे म्हणजे पंख्यांची जाळी आणि वाहून आणायची वस्तू म्हणजे उष्णता. मोट बदलल्याने विहीर बदलत नाही. चारशे वॅट खोलीत यायचे ते येतातच.

मग फायदा काय? हिशेब करून पाहिला. चारशे वॅट उष्णता दहा अंशांच्या फरकाने वाहून न्यायला मिनिटाला सुमारे दोन हजार लिटर हवा लागते. पाणी लागते अर्धा लिटरहून थोडे अधिक. अडचणीच्या जागेतून तांब्याभर पाणी नेणे सोपे, खोलीभर वारा नेणे अशक्य. पेटीच्या कडेला, जिथे मोकळी हवा आहे, तिथवर उष्णता आणून सोडायची एवढेच पाण्याचे काम.

यातूनच पुढची गोष्ट समजते. चिपेला सत्तर-ऐंशी अंश चालत असतील, तर पाणी गार असण्याची गरज नाही. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठात २०१० मध्ये आयबीएमबरोबर उभारलेल्या ॲक्वासार संगणकाला साठ अंशांच्या आसपासचे गरम पाणी पुरवत आणि त्याची उष्णता इमारती तापवायला वापरत. २०१२ मध्ये म्युनिकजवळच्या सुपरएमयूसीमध्ये हीच रीत मोठ्या प्रमाणावर आली. आपल्या उन्हाळ्याला हे चालणार नाही असे मी धरून चाललो होतो. उलट, कोमट पाणी चालते म्हणजे ते थंड करायला वातानुकूलनाची वीज जाळावी लागत नाही. हा फायदा थंड देशांपेक्षा आपल्याला मोठा आहे. पुण्यात पाषाणला २०१८ मध्ये प्रत्यूष हा चार पेटाफ्लॉप्सचा महासंगणक सुरू झाला, तो क्रे कंपनीचा एक्ससी-४०, द्रवशीतित. सेमूर क्रे जाऊन तेव्हा बावीस वर्षे होत आली होती. परम ८००० ज्या गावात नळांवाचून उभा राहिला, त्याच गावात नळ परतले होते.

भाचीने मदरबोर्डला वीज न देता फक्त पंप चालवून रात्रभर चाचणी घेतली, प्रत्येक सांध्याखाली पांढरा टिश्यू पेपर ठेवून. पहाटे एका कागदावर नाण्याएवढा ओला डाग होता. सांध्याचे रबरी कडे घडी पडून बसले होते. मी म्हणालो, "राहू दे हे. पंख्यावर चालेल असा साधा संच घेऊ." तिच्या दीड वर्षाच्या कमाईची मला धास्ती वाटत होती. तिने उत्तर दिले नाही. पाणी काढले, कडे बदलले, पुन्हा ऊर्ध्वपातित पाणी आणि गंजरोधक भरले आणि आणखी एक रात्र थांबली. दुसऱ्या पहाटे कागद कोरडे होते.

यंत्र सुरू झाले तेव्हा खोलीत चौतीस अंश होते. तासभर खेळ चालवल्यावर पाणी सेहेचाळीसवर स्थिरावले, प्रोसेसर पंचाहत्तरच्या आत. बहिणीला फोन करून सांगितले, पाणी आणि वीज शेजारी नांदताहेत, पण कागद लावून दोन रात्री जागल्यावर. शाळेतले माझे पहिल्या तासाचे वाक्य मी आता थोडे बदलले असते : वीज आणि पाणी एकत्र आणायचे असेल, तर आधी सांधा तपासा.