एक रतल ज्वारी: माणदेशातला तलाव आणि शरीराचा हिशोब

आजच्या भागात थोडी आकडेमोड आहे, पण घाबरू नका, सगळी तोंडी करता येईल अशी आहे. इअरफोन लावून चालता चालता ऐकणार असाल तर उत्तमच, कारण विषय चालण्याचा, खोदण्याचा आणि भाकरीचा आहे.

म्हसवडजवळ राजेवाडीचा तलाव आहे. एका बाजूला साताऱ्याचा माण तालुका, दुसऱ्या बाजूला सांगलीचा आटपाडी. माणगंगेचं पाणी अडवून केलेला हा तलाव १८७६ च्या दुष्काळात, लोकांना काम द्यायचं म्हणून सुरू झाला. तेव्हा सांगली जिल्हा असा नव्हताच. आजच्या सांगलीचा बराच भाग सातारा जिल्ह्यात होता आणि उरलेला संस्थानांमध्ये, आटपाडी औंधकरांकडे. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे आजची गोष्ट दोन्ही जिल्ह्यांची आहे, आमची-तुमची भांडणं नकोत.

तर १८७६ ला पाऊस गेला. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात, म्हणजे माण-खटाव भागात, पिकं बुडाली. सरकारनं कामं काढली: तलाव, रस्ते, खडी. माणसं टिकाव-फावडी घेऊन कामावर आली. आणि मग एक प्रश्न उभा राहिला, जो आज आपल्या फोनमधलं कॅलरीचं ॲप दोन सेकंदात सोडवतं असं आपल्याला वाटतं: दिवसभर खोदणाऱ्या माणसाला जगायला किती खायला लागतं?

व्हाइसरॉय लिटननं जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागाच्या पाहणीला पाठवलं. याच टेंपलनी तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून सढळ हातानं वाटला होता. माणसं वाचली, पण खर्च फार केला म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. या वेळी त्यांनी धडा घेतला, फक्त उलटा. कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य किंवा तेवढ्याची किंमत, आणि वर मीठ-मिरचीसाठी साधारण एक आणा. बायकांना वरचे पैसे आणखी कमी. आधी दीड पौंडाच्या हिशोबानं मिळायचं, ते एकवर आलं. इतिहासात याला 'टेंपल वेज' म्हणतात. पौंडाला आपल्याकडे रतल म्हणायचे, म्हणून या भागाचं नाव एक रतल ज्वारी.

आता एक रतल म्हणजे ४५४ ग्रॅम. त्याच्या सहा-सात मोठ्या भाकऱ्या होतात. ऑफिसात बसून काम करणाऱ्या माझ्यासारख्याला वाटेल, सहा भाकऱ्या? पोट फुटेल की! ज्वारीच्या शंभर ग्रॅमला सुमारे ३४० कॅलरी धरल्या तर हे झाले साधारण १५५० कॅलरी. डाएटवर असलेल्या कितीतरी जणांचा रोजचा आकडा हाच असतो.

पण खर्चाची बाजू बघा. पन्नास किलोचा शेतकरी धरू. नुसता आडवा पडून राहिला तरी हृदय, फुप्फुसं, यकृत, मेंदू चालवायला त्याला दिवसाला १३०० च्या आसपास कॅलरी लागतात. म्हणजे एक रतल जवळजवळ इथंच संपली. त्यावर आठ तास मातीकाम. टिकाव मारणं, पाटी उचलून बांधावर चढणं, रिकाम्या पाटीनं खाली येणं. याचे ढोबळमानानं आणखी दीड हजार. अंदाजच हवा असेल तर सातारा हिल हाफ मॅरेथॉन घ्या: यवतेश्वरचा घाट चढून परत येणारा साठ किलोचा धावपटू सव्वा हजारापेक्षा जास्त कॅलरी जाळतो, आणि आठवडाभर त्याच्या स्टोरीवर त्याचीच चर्चा असते. हा मजूर ते रोज करत होता.

म्हणजे रोजची तूट सुमारे १२५० कॅलरी. ती भरायची कुठून? शरीर आधी चिल्लर काढतं. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, एकूण पाचेकशे ग्रॅमच्या आत. तो लवकर संपतो. मग फिक्स्ड डिपॉझिट मोडायची, म्हणजे चरबी. समजा या माणसाच्या अंगावर पाच किलो चरबी आहे. किलोला सात हजारांहून थोड्या जास्त कॅलरी निघतात. भागाकार करा: जेमतेम महिनाभर पुरते, आणि त्यातली थोडी चरबी शरीर शेवटपर्यंत सोडतच नाही.

मेंदूची वेगळीच अडचण. त्याला ग्लुकोज हवं, दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, आणि चरबीपासून ग्लुकोज फारसं बनत नाही. लांबलेल्या उपासात यकृत चरबीपासून कीटोन बनवतं आणि मेंदू त्यावरही चालतो, हे १९६० च्या दशकात जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. पण चरबीच संपत आली की शरीर स्नायू मोडायला काढतं. स्नायूच्या किलोभर मांसातून चरबीच्या सहावा-सातवा हिस्साच ऊर्जा मिळते, कारण त्यात बहुतेक पाणी असतं. म्हणून शेवटी माणूस डोळ्यांदेखत वाळतो. घर तापवायला वासे जाळावेत तसा प्रकार.

हे सगळं १८७७ मध्ये माहीत होतं का? अर्धवट. कॅलरीचे तक्ते अजून यायचे होते. रुबनर आणि ॲटवॉटर यांचं काम त्यानंतरचं. पण अगदीच अंधारही नव्हता. जर्मनीचे लीबिग म्हणायचे की स्नायू प्रथिनं जाळून काम करतात. १८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनुस या दोन प्राध्यापकांनी प्रथिनं न खाता आल्प्समधलं फाउलहॉर्न शिखर चढलं, वाटेत स्वतःची लघवी साठवली आणि तिच्यातला नायट्रोजन मोजला. (विज्ञानाचा इतिहास असाच असतो, मंडळी.) जळालेल्या प्रथिनांतून चढाईचं अर्धंही काम निघत नव्हतं. म्हणजे मुख्य इंधन पिठूळ पदार्थ आणि चरबी. कामाला इंधन लागतं आणि ते मोजता येतं, एवढं तरी तेव्हा स्पष्ट होतं.

मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. विल्यम कॉर्निश यांनी टेंपलना कागदोपत्री धरलं. एका पौंडावर कष्ट करणारा माणूस टिकणार नाही, त्यात नायट्रोजनही पुरेसा नाही, आणि कष्टाच्या कैद्यालासुद्धा यापेक्षा जास्त मिळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. टेंपलच्या लेखी हा एक प्रयोग होता. प्रयोग कुणावर, ते सांगायला नको. काही महिन्यांनी मद्रासला रेशन वाढवावं लागलं.

आपल्याकडे हे गणित डॉक्टरांच्या आधी मजुरांनी सोडवलं. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात हजारो माणसं नवा दर नाकारून कामावरून उठून गेली. उपाशी माणसांचा संप! त्यांच्या बाजूनं सरकारकडे अर्ज करत होती पुण्याची सार्वजनिक सभा. ती उभी करणारे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, मूळचे साताऱ्याचेच. कोणत्या गावात काय हाल आहेत याची माहिती सभा गोळा करत होती. माझ्या मते ही त्या काळातली सर्वात महत्त्वाची डेटा एंट्री.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. मजूर कामचुकारपणा करतात, नेमून दिलेलं काम पुरं करत नाहीत, ही इंग्रज अधिकाऱ्यांची नेहमीची तक्रार. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला अँसल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनं, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. रोज सरासरी १५७० कॅलरी. आकडा ओळखीचा वाटतोय ना? या तरुणांना आठवड्याला फक्त ३५ किलोमीटर चालायचं होतं, पाट्या उचलायच्या नव्हत्या. त्यांचं वजन जवळपास पाव हिश्श्यानं घटलं. विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. नाडी मंद झाली, उन्हाळ्यात थंडी वाजायला लागली, जिना चढणं नको झालं, बोलणंही नको. फोन लो बॅटरीवर गेला की स्क्रीन अंधूक करतो, तसंच.

म्हणजे मुकादमाला जो आळस दिसत होता, ते शरीर स्वतःला वाचवत होतं. आणि काम कमी झालं की मजुरी कापायची. मजुरी कापली की भाकरी कमी, भाकरी कमी की काम आणखी कमी. आमच्या धंद्यात अशा लूपला थांबायची अट नसली तर प्रोग्राम हँग होतो. इथं माणसं जात होती. १८७६ ते ७८ च्या त्या दुष्काळात देशभरात ५० लाखांहून जास्त माणसं गेली, असे अंदाज आहेत.

१८८० च्या फॅमिन कमिशननं मग नियम लिहायला घेतले, आणि कष्टकऱ्याचं पूर्ण रेशन पुन्हा दीड पौंडावर आलं, वर डाळ आणि मीठ.

आता थेट १९७२. तुमच्या घरातल्या कुठल्याही आजी-आजोबांना विचारा, 'बहात्तरचा दुष्काळ' म्हटलं की लाल मिलो ज्वारी आणि सुकडी आठवेल. लाखो माणसं पाझर तलावांवर, नालाबांधावर आणि खडी फोडायला होती. या वेळी मजुरीशिवाय कामावरच सुकडी मिळायची: गव्हाचं पीठ, गूळ, तेल. चव कशी होती यावर दुमत आहे, पण शरीराच्या भाषेत ती चोख. गूळ लगेच जळणारा, पीठ तासाभरानं, आणि तेल ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे मूठभरात जास्तीत जास्त इंधन. शिवाय कामावरच खायची असल्यानं निदान तेवढा घास तरी खोदणाऱ्याच्या पोटात जायचा. १८७७ ला एक रतल घरी जाऊन पोरांत आणि म्हाताऱ्यांत वाटली जायची, आणि वरचा सगळा हिशोब ती एकट्यानं खाल्ली असं धरून केलाय.

दुष्काळ पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा मागेल त्याला कायमच काम द्यावं, ही कल्पना सांगली जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांची. १९६५ च्या सुमारास त्यांनी ती तासगाव तालुक्यात करून पाहिली. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यात मजुरी मोजमापावर असली तरी मऊ माती, मुरूम आणि खडक यांचे दर वेगवेगळे ठेवले. कारण घनमीटर तोच असला, तरी खडकातला घनमीटर जास्त भाकरी खातो.